सोने ज्याच्या दारी आले
(जॉन सटर याच्या जीवनाची कहाणी)

कोणत्याही संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की तिचा सुवर्णमहोत्सव साजरा होतो. टिकाऊपणाचे माप म्हणून माणसाने सोन्याचे नाव घ्यावे, हे स्वाभाविकच आहे. सोन्याला गंज चढत नाही, ते हवेने काळवंडत नाही, पाण्याने नासत नाही. पणजीच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ पणतीच्या लग्नात तशीच झळकते. गाव सोडून परप्रांती बिऱ्हाड करणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर सोने म्हणजे अडीअडचणीला धावून येणारा एक अबोल नातेवाईकच. जमीन गावी राहते, घर भावाकडे राहते. बरोबर येते ते गृहिणीच्या अंगावरचे चार दागिने. तेव्हा सोन्याची निंदा करण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही.

तथापि सोन्याची एक दुसरी बाजूही आहे. सीतेला कांचनमृगाचा मोह पडला आणि पुढचे सारे रामायण घडले, हे आपण लहानपणीच ऐकतो. ज्याच्या स्पर्शाने सर्व वस्तूंचे सोने होई आणि त्यामुळे ज्याला अन्नाचा घासही घेता येईना, त्या मायडास राजाची गोष्ट ग्रीक लोक सांगत. स्पॅनिश शिपायांनी सोन्यासाठी पेरू देशातील इंका राज्य धुळीस मिळविले, हा तर इतिहासच आहे. पण या साऱ्यांहून वेगळा असा एक मनुष्य आम्हांस नेहमीच विचारात पाडतो. तो सोन्याच्या शोधात कधीही निघाला नव्हता. त्याला हवी होती जमीन, गहू, गुरे आणि मानमरातब. हे सर्व त्याने मिळविलेही होते. मग एके दिवशी सोने आपण होऊन त्याच्या दारी आले, आणि त्याचे होते नव्हते ते सारे घेऊन गेले. त्या मनुष्याचे नाव जॉन ऑगस्टस सटर.

कर्जबाजारी दुकानदार

त्याचे मूळ नाव योहान ऑगुस्ट सुटर. इ. स. १८०३ च्या फेब्रुवारी महिन्यात जर्मनीतील बाडेन प्रांतात कँडर्न या गावी त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे स्वित्झर्लंडचे; वडील कागदाच्या गिरणीत मुकादम होते. तरुणपणी त्याने बाझल शहरात छपाईच्या धंद्यात उमेदवारी केली, नंतर कापडाच्या दुकानात कारकुनी केली. तेथेच अ‍ॅनेट ड्यूबेल्ड नावाच्या मुलीशी त्याची ओळख झाली. १८२६ साली बर्न परगण्यातील बुर्गडॉर्फ गावी त्यांचा विवाह झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पहिल्या मुलाचा जन्म झाला. चरित्रकार हा तपशील जरा संकोचाने सांगतात. पण सटरच्या स्वभावातील उतावळेपणा त्यातून ध्यानी येतो.

सासूच्या पैशाच्या बळावर त्याने कापडाचे दुकान थाटले. दुकानदाराला लागणारी काटकसर त्याच्या अंगी नव्हती. उंची कपडे, पुस्तके, पाहुणचार यांची त्याला हौस फार. काही वर्षांत दुकान बुडाले, सावकार दाराशी आले आणि अटकेचे संकट डोक्यावर लोंबकळू लागले. १८३४ च्या मे महिन्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बायको आणि पाच मुलांना मागे ठेवून तो गुपचूप निघाला. जुलैमध्ये तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला.

परमुलुखी आधी पुरुषाने जावे, बस्तान बसवावे आणि मग कुटुंबाला बोलावून घ्यावे, हा क्रम आपल्यापैकी अनेक घरांच्या इतिहासात आहे. ती वाट पाहण्याची एक-दोन वर्षे स्त्रीला कशी जातात, हे आमच्या आधीच्या पिढीतील आयाबायांना विचारावे. अ‍ॅनेटला नातेवाइकांच्या आधारावर आणि गावाच्या कुजबुजीत सोळा वर्षे काढावी लागली.

नवे हेल्वेशिया

अमेरिकेत सटरने प्रथम मिसूरीच्या बाजूने व्यापार करून पाहिला. सांता फेच्या वाटेवरील दोन फेऱ्यांनंतर तेथेही पुन्हा कर्ज झाले, आणि पुन्हा पलायन. मात्र एक गोष्ट त्याने या नव्या देशात ओळखली होती. येथे माणसाला त्याचा भूतकाळ कोणी विचारीत नाही. तो जे सांगेल ते प्रमाण. बर्नच्या राखीव पलटणीतील हा किरकोळ अधिकारी आता फ्रान्सच्या राजाच्या स्विस रक्षकदलातील कॅप्टन सटर झाला. गोड वाणी, रुबाबदार चेहरा आणि शिफारसपत्रे गोळा करण्याचे कसब या भांडवलावर तो जेथे जाई तेथे बड्या लोकांच्या पंगतीला बसे.

१८३८ च्या वसंतात तो कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेकडे निघाला आणि ऑक्टोबरात ओरेगॉन भागातील फोर्ट व्हँकुव्हरला पोहोचला. तेथून कॅलिफोर्नियाला सरळ जाण्याची सोय होईना, म्हणून जहाजाने हवाई बेटे. हवाईहून उत्तरेस अलास्कातील रशियनांचे ठाणे सिटका. आणि सिटकाहून दक्षिणेस उतरत १ जुलै १८३९ रोजी येर्बा ब्वेना, म्हणजे आजचे सॅन फ्रान्सिस्को. दहा गावचे पाणी प्यालेला अशी आपल्याकडे म्हण आहे. हा गृहस्थ तर अर्ध्या पृथ्वीचे पाणी पिऊन आला होता.

कॅलिफोर्निया त्या वेळी मेक्सिकोचा एक दूरचा, दुर्लक्षित प्रांत होता. समुद्रकाठची चार ठाणी आणि धर्मगुरूंची जुनी केंद्रे सोडली तर आतील खोऱ्यांवर सरकारची सत्ता नावापुरतीच होती. गव्हर्नर आल्वारादो याला आतल्या भागात सरकारची बाजू राखणारा कोणीतरी हवा होता. सटरने ती जबाबदारी पत्करली. ऑगस्ट १८३९ मध्ये, हवाईहून आणलेल्या दहा माणसांसह आणि काही गोऱ्या सोबत्यांसह, सॅक्रॅमेंटो व अमेरिकन या नद्यांच्या संगमापाशी त्याने तळ टाकला. पुढल्या वर्षी तो मेक्सिकोचा नागरिक झाला आणि १८ जून १८४१ रोजी त्याला सुमारे ४९ हजार एकर जमिनीची सनद मिळाली. मातृभूमीच्या आठवणीने त्याने या वसाहतीला नवे हेल्वेशिया असे नाव दिले. हेल्वेशिया हे स्वित्झर्लंडचे प्राचीन नाव. दूर गेलेला माणूस आपल्या गावाचे नाव बरोबर नेतो, याचे हे आणखी एक उदाहरण.

कच्च्या विटांचा किल्ला उभा राहिला. त्याच्या भिंती १८ फूट उंच आणि अडीच फूट जाड होत्या. आत लोहारशाळा, विणकामाचे माग, कातडी कमावण्याची जागा, दारूची भट्टी, कोठारे. बाहेर गव्हाची शेते आणि हजारो गुरे, मेंढ्या व घोडे. १८४१ च्या अखेरीस रशियनांनी आपले फोर्ट रॉसचे ठाणे गुंडाळले, तेव्हा त्यातील तोफा, अवजारे आणि जनावरे सटरने ३०,००० डॉलरना विकत घेतली. रोख नव्हे, तर मुख्यतः गव्हाच्या रूपाने हप्त्याहप्त्याने फेडण्याच्या बोलीवर. हे कर्ज पुढे त्याच्या मानेभोवतीची धोंड ठरले. डोंगर ओलांडून थकूनभागून येणाऱ्या अमेरिकन कुटुंबांना तो अन्न, निवारा आणि काम देई. त्याच्या या औदार्याच्या कथा दूरवर पसरल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

तथापि हे सारे वैभव कोणाच्या श्रमावर उभे होते, हेही सांगितले पाहिजे. ती जमीन ओसाड नव्हती. निसेनान आणि मिवोक या आदिवासी जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. त्यांच्यापैकी काहींना भेटी देऊन, काहींना बंदुकीचा धाक घालून सटरने कामाला लावले. सुगीच्या दिवसांत अशी शेकडो माणसे त्याच्या शेतावर राबत. मजुरी म्हणून पत्र्याच्या चकत्या मिळत. कामाच्या दिवसांनुसार त्यांवर भोके पाडलेली असत आणि त्या केवळ सटरच्याच दुकानात चालत. गुरांना घालतात तशा लाकडी डोणीत लापशी ओतून मजुरांना खाऊ घातले जाई आणि रात्री त्यांना कोंडून ठेवले जाई, असे किल्ल्यावर येऊन गेलेल्या अनेक गोऱ्या पाहुण्यांनीच नोंदवून ठेवले आहे. अनाथ झालेली किंवा पकडून आणलेली मुले तो परिचितांकडे नोकर म्हणून पाठवून देई. १८४७ साली गोवराची साथ आली आणि या लोकांपैकी कित्येक मरण पावले. ज्याच्या दारातून गोरा वाटसरू कधी उपाशी परतला नाही, त्याच्याच अंगणात ही डोण होती. एकाच माणसाच्या ठायी या दोन गोष्टी कशा नांदल्या, याचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. पण एक सांगून दुसरी झाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

जानेवारीतील एक सकाळ

१८४६ साली मेक्सिको आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले, आणि जुलैमध्ये सटरच्या किल्ल्यावर अमेरिकेचा ध्वज चढला. नवे वसाहतवाले येत होते, घरे बांधायची होती, फळ्या हव्या होत्या. म्हणून १८४७ मध्ये सटरने जेम्स मार्शल या न्यूजर्सीकडील सुताराशी भागीदारी केली आणि किल्ल्यापासून सुमारे ४५ मैलांवर, अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेवर, कोलोमा येथे लाकूड कापण्याची पाणचक्की उभारण्याचे काम त्याच्याकडे सोपविले.

चक्की फिरवून झाल्यावर पाणी परत नदीत नेणारा चर पुरेसा खोल झाला नव्हता. म्हणून दिवसा मजुरांनी खणावे आणि रात्री नदीचे पाणी सोडून सुटी माती वाहवून न्यावी, असा क्रम मार्शलने लावला. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी पाणी बंद करून तो चराची पाहणी करीत असताना तळाशी काही पिवळे कण त्याला चमकताना दिसले. त्याने ते दगडावर ठेवून ठोकून पाहिले. ते फुटले नाहीत, चपटे झाले. स्वयंपाक सांभाळणाऱ्या जेनी विमर या बाईने एक तुकडा साबणासाठी उकळत ठेवलेल्या क्षाराच्या काहिलीत टाकला. तो निघाला तेव्हा अधिकच उजळ दिसत होता.

चार दिवसांनी मार्शल भर पावसात घोडा दामटीत किल्ल्यावर आला आणि सटरला खोलीचे दार लावून घ्यावयास सांगून त्याने फडक्याची पुरचुंडी सोडली. मग दोघांनी ज्ञानकोश उघडून त्यात सांगितलेल्या परीक्षा केल्या. नत्राम्ल, म्हणजे आपल्याकडचे तेजाब, टाकून पाहिले. काही परिणाम झाला नाही. तराजूत चांदी घालून हवेत आणि पाण्यात वजन करून पाहिले. सोनेच होते, आणि उत्तम कसाचे. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून निघून भारतभरच्या सराफकट्ट्यांवर गलाईची भट्टी मांडून बसलेले आपले मराठी कारागीर याच तेजाबाने आजवर सोन्याचे इमान तपासत आले आहेत. त्या आम्लाचा धूर छातीत घेऊन दुसऱ्याचे सोने शुद्ध करणाऱ्या त्या माणसांना सोन्याची किंमत इतरांपेक्षा थोडी अधिक ठाऊक असते.

सटरला आनंद झाला काय? झालाही असेल, पण त्याने पुढे सांगितले ते असे की त्या रात्री त्याला झोप लागली नाही. त्याची मोठी पिठाची गिरणी अर्धवट होती, गहू शेतात उभा होता, कातडी हौदात भिजत होती. मजुरांच्या कानी हे गेले तर एकही माणूस कामावर राहणार नाही, हे त्याने तत्काळ ओळखले. कोलोमाला जाऊन त्याने कामगारांकडून सहा आठवडे गुप्तता राखण्याचे वचन घेतले. त्या भागातील आदिवासींशी कपडे, पीठ अशा वस्तूंच्या मोबदल्यात जमिनीचा भाडेपट्टा केला आणि तो मंजुरीसाठी माँटेरे येथील लष्करी गव्हर्नर कर्नल मेसन याच्याकडे पाठविला. मेसनने तो फेटाळला. आदिवासींना जमीन पट्ट्याने देण्याचा अधिकारच अमेरिकेच्या कायद्याला मान्य नाही, असा त्याचा निर्णय होता. म्हणजे ज्यांची ती भूमी, त्यांचा हक्क एका शेऱ्यासरशी शून्य झाला.

येथे आणखी एका तारखेची नोंद केली पाहिजे. २ फेब्रुवारी १८४८ रोजी, म्हणजे मार्शलच्या शोधानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ग्वाडालूपे हिडाल्गोचा तह होऊन मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेच्या स्वाधीन केला. आपण काय देत आहोत हे देणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि काय घेत आहोत हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

सुवर्णज्वर

गुपित फार दिवस राहिले नाही. ते फोडणाऱ्यांत खुद्द सटरही होता. पत्रांतून आणि पाहुण्यांपुढे त्याला फुशारकी आवरली नाही. मेसनकडे गेलेला त्याचा दूतही वाटेत बोलून बसला. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात बातमी आली, पण लोकांनी ती मनावर घेतली नाही. मग सॅम ब्रॅनन या व्यापाऱ्याने सूत्रे हाती घेतली. सटरच्या किल्ल्याजवळच त्याचे दुकान होते. खाणकामाला लागणारी फावडी, कुदळी, घमेली त्याने आधी आपल्या कोठारात भरून ठेवली, आणि मे महिन्यात सोन्याच्या चुऱ्याची बाटली उंच धरून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून ओरडत फिरला. काही दिवसांतच गाव ओस पडले. सोने खणणाऱ्यांपेक्षा त्यांना फावडी विकणारा आधी श्रीमंत होतो, हा धडा ब्रॅननने जगाला प्रथम इतक्या स्पष्टपणे शिकविला.

सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन तीतून सोन्याचे कण वेचणारे झारेकरी आपण पाहिले आहेत. कॅलिफोर्नियातील पहिले खाणकाम याहून फारसे वेगळे नव्हते. घमेल्यात नदीची वाळू घ्यावी, पाण्यात ती गोल गोल फिरवावी; हलकी माती वाहून जाते आणि जड सोने तळाशी राहते. यंत्र नको, भांडवल नको, विद्या नको. म्हणूनच तर सारे जग धावले. १८४८ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष पोक यांनी काँग्रेसपुढील आपल्या संदेशात या सोन्याला दुजोरा दिला, आणि पुढल्या वर्षी जो लोंढा आला त्याला इतिहासात एकोणपन्नासवाले असे नावच पडले. मेक्सिको, चिली, चीन, ऑस्ट्रेलिया, युरोप, सगळीकडून माणसे आली. काही वर्षांत त्यांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली. हजार-एक वस्तीचे सॅन फ्रान्सिस्को दोन-तीन वर्षांत पंचवीस हजारांचे झाले. १८५२ हे शिगेचे वर्ष. त्या एका वर्षात सुमारे ८ कोटी १० लाख डॉलरचे सोने निघाले.

आणि नवे हेल्वेशिया? सटरची माणसे एकेक करून निघून गेली. गहू उभ्याने झडला. हौदातील कातडी कुजली. गिरणी अपुरी राहिली आणि तिचे दगडसुद्धा लोकांनी पळविले. वाटसरू त्याच्याच गुरांना मारून खाऊ लागले आणि त्याच्याच शेतांत झोपड्या बांधून मालकी सांगू लागले. सटरने स्वतःही माणसे घेऊन खाणीवर नशीब अजमावून पाहिले, पण त्याला ते जमले नाही. गुत्तेवाल्यांनी तळ टाकला, माणसे दारूत बुडाली, आणि तो कफल्लक होऊन परतला.

सप्टेंबर १८४८ मध्ये त्याचा थोरला मुलगा ऑगस्ट आला. चौदा वर्षांपूर्वी बाप सोडून गेला तेव्हा तो अजाण बालक होता. रशियन कर्जाच्या जप्तीतून वाचण्यासाठी बापाने मालमत्ता त्याच्या नावे केली. मुलाने व्यवहारचातुर्य दाखवून किल्ल्याजवळ नदीकाठी भूखंड पाडले. तेच आजचे कॅलिफोर्नियाच्या राजधानीचे सॅक्रॅमेंटो शहर. भूखंड विकून रशियनांचे कर्ज फिटले. पण बापाला गाव दुसऱ्या जागी हवे होते. दोघांत वितुष्ट आले, भोवती लबाड मुखत्यार जमले आणि जमीन पाण्यासारखी वाहून गेली. १८४९ मध्ये तो किल्लाही विकला गेला. जानेवारी १८५० मध्ये अ‍ॅनेट आणि उरलेली मुले येऊन पोहोचली, तेव्हा पतीचे राज्य मावळून गेले होते. फेदर नदीवरील हॉक फार्म या शेतावर हे कुटुंब राहू लागले.

मान मात्र मिळत राहिला. १८४९ च्या घटना परिषदेत तो सभासद होता; गव्हर्नरपदाची निवडणूक त्याने लढविली आणि हरला; १८५३ मध्ये राज्याने त्याला आपल्या सेनादलाचा मेजर जनरल केले. जन्मभर मिरविलेल्या खोट्या कॅप्टनकीच्या जागी खरी पदवी आली, पण ती केवळ शोभेची होती.

ज्यांची गणती झाली नाही

सटरच्या नुकसानीचा हिशेब त्याने स्वतः वारंवार मांडला. ज्यांनी आपला हिशेब कोठे मांडला नाही, त्यांचाही उल्लेख येथे झाला पाहिजे. सोन्याच्या शोधापूर्वी कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख आदिवासी होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८७० च्या सुमारास ते तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि सरळ सरळ कत्तली ही त्याची कारणे होत. नद्या गढूळ झाल्या आणि मासे गेले; ओकची झाडे तुटली आणि त्यांच्या फळांचे पीठ गेले. एप्रिल १८५० मध्ये राज्याने आदिवासींच्या संरक्षणाच्या नावाखाली एक कायदा केला, आणि त्याच्या आधारे त्यांची मुले गोऱ्यांच्या घरी उमेदवार म्हणून बांधून ठेवता येऊ लागली. त्यांच्यावरील मोहिमांसाठी राज्याच्या तिजोरीतून लाखो डॉलर खर्च झाले. जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी या सर्वाबद्दल राज्याच्या वतीने रीतसर क्षमा मागितली.

परदेशी खाणकामगारांवर १८५० मध्ये महिना वीस डॉलरचा कर बसला. त्याचा रोख मुख्यतः मेक्सिकन आणि चिलियन लोकांवर होता. चिनी लोक मोठ्या संख्येने आले तसा नव्या करांचा भार त्यांच्यावर पडला. भूमीनेही आपली किंमत चुकविली. वरची वाळू धुऊन संपल्यावर १८५३ पासून प्रचंड दाबाच्या पाण्याच्या झोताने टेकड्याच्या टेकड्या फोडण्यात येऊ लागल्या. तो राडारोडा नद्यांत साचला, पूर आले आणि खालच्या खोऱ्यातील शेते चिखलाखाली गेली. अखेर १८८४ मध्ये न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल देऊन हा राडारोडा नद्यांत सोडण्यास मनाई केली. सोने पकडण्यासाठी वापरलेला पारा मात्र त्या नद्यांच्या गाळात आजही आहे.

अर्जदार

१८५१ मध्ये अमेरिकन सरकारने जमिनींच्या जुन्या मेक्सिकन सनदा तपासण्यासाठी आयोग नेमला. सनद खरी आहे हे सिद्ध करण्याचा भार जमीनमालकावर होता. वकिलांची फी भरता भरता कित्येक जुने मालक कंगाल झाले. सटरची १८४१ ची सनद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ग्राह्य ठरली; पण १८४५ ची दुसरी, मोठी सनद अग्राह्य ठरली. या दुसऱ्या सनदेखालील जमिनी त्याने आधीच अनेकांना हमी देऊन विकल्या होत्या; ती भरपाई त्याच्या अंगावर आली. पहिल्या सनदेतील जमीन बहुतेक हातची गेलेलीच होती. कॅलिफोर्निया राज्याने १८६४ पासून त्याला महिना अडीचशे डॉलर देण्यास सुरुवात केली. पुढल्याच वर्षी एका भटक्या माजी सैनिकाने हॉक फार्मचे घर पेटवून दिले, आणि सटर पतिपत्नी कॅलिफोर्निया कायमचा सोडून पूर्वेकडे गेली.

त्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे एका अर्जदाराचे आयुष्य होय. आपण वाटसरूंना मदत केली, हा प्रांत अमेरिकेला मिळण्यास साह्य केले, आणि तुमच्याच नागरिकांनी आपल्याला लुटले. तेव्हा भरपाई द्यावी, असा त्याचा काँग्रेसपुढील अर्ज होता. १८७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिटिट्झ या शांत गावी त्याने घर बांधले. पण अधिवेशन भरले की म्हातारा वॉशिंग्टनला हजर. सरकारी सेवेत आमचे आयुष्य गेल्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसणारा असा वृद्ध आम्हांस परका नाही. स्वच्छ पण जुना कोट, घडीवर फाटलेली कागदपत्रे, अदबीने मान लववून चालणे. ज्या समितीकडे अर्ज जातो तिच्यात सहानुभूतीची वाण नसते. केवळ निर्णय तेवढा होत नाही. निर्णय न होणे हाच निर्णय असतो, हे अर्जदाराला मात्र कोणी सांगत नाही.

१८८० मध्ये त्याला पन्नास हजार डॉलर देण्याचे विधेयक आले. या खेपेला ते संमत होणार, असे मित्रांनी त्याला सांगितले होते. १६ जून रोजी त्यावर मतदान न होताच काँग्रेसचे अधिवेशन संपले. १८ जून रोजी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलच्या खोलीत जॉन सटर मरण पावला. तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. लिटिट्झच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले, आणि पुढल्याच जानेवारीत अ‍ॅनेट त्याच्या शेजारी विसावली. आयुष्यातील सोळा वर्षे तिने त्याची वाट पाहिली. मृत्यूनंतर सहा-सात महिनेच काय ते.

ज्याने सोने शोधले तो मार्शल १८८५ मध्ये एका झोपडीवजा घरात दारिद्र्यात वारला. ज्याने त्याची दवंडी पिटली आणि कॅलिफोर्नियाचा पहिला लक्षाधीश म्हणून नाव मिळविले, तो ब्रॅनन १८८९ मध्ये तसाच निर्धन मेला. सॅक्रॅमेंटो येथे सटरचा किल्ला डागडुजी करून जपलेला आहे. पण त्याच शहरातील एका रुग्णालयासमोरचा त्याचा पुतळा, आदिवासींना त्याने दिलेल्या वागणुकीच्या कारणास्तव, २०२० च्या जूनमध्ये हलविण्यात आला.

सटर जन्मभर स्वतःला सोन्याचा बळी म्हणवीत राहिला, आणि ते खरेही आहे. परंतु त्याची जमीन ज्या रीतीने गेली, त्याच रीतीने ती त्याने घेतली होती: आधीच्या रहिवाशाला न विचारता, दूरच्या सरकारच्या एका कागदावर. त्याच्यापाशी निदान कागद होता, वकील होता आणि अर्ज ऐकणारी काँग्रेस होती. निसेनानांजवळ यांतले काहीच नव्हते. सोन्याने त्याच्या बाबतीत केलेला अन्याय मोठा होता. पण त्याच्या डोणीतून लापशी खाणाऱ्यांचा अन्याय त्याहून जुना आणि त्याहून मोठा होता. तो अन्याय जॉन सटरला अखेरपर्यंत दिसला नाही, हीच आमच्या मते त्याच्या जीवनातील खरी शोकांतिका होय.

दसऱ्याला आपण एकमेकांना आपट्याची पाने सोने म्हणून देतो. त्यामागची कौत्साची कथा आपल्या मुलांना इथल्या शाळेत कोणी सांगणार नाही. ती घरातच सांगावी लागेल. रघुराजासाठी कुबेराने सुवर्णमुद्रांचा पाऊस पाडला, आणि राजाने ती सारी रास कौत्सापुढे केली. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी मुद्रा तेवढ्या मोजून घेऊन कौत्साने उरलेल्यांकडे पाठ फिरविली. मग त्या अयोध्येच्या लोकांनी लुटून नेल्या. कौत्साची गरज लहान नव्हती, पण ती त्याला नेमकी ठाऊक होती. कोलोमाच्या नदीकाठी जमलेल्या लाखो माणसांत आपली गरज मोजून परत फिरणारे किती निघाले, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.